मेंदूला कान लावून

दर वर्षी अंकाचे काम सुरू झाले की संपादक मंडळातली मुले शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहतात. "सर, मराठी विभागात कथा-कविता खूप झाल्या, काहीतरी शास्त्रीय द्या," अशी त्यांची मागणी असते. यंदा विषय शोधत बसावे लागले नाही. तो आमच्या घरातच चालत आला, आणि आला तो दुखण्याच्या रूपाने.

वडगावात माझ्या मामांचे यंत्रमाग आहेत. लहानपणी मे महिन्याची सुट्टी मी तिथेच काढीत असे. एका लांबट खोलीत चार माग, वर सिमेंटचे पत्रे, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत खटखट-खटखट असा एकच गजर! नव्या माणसाला तिथे पाच मिनिटे उभे राहवत नसे. मामा मात्र मागांकडे पाठ करून दारात चहा पीत निवांत बसलेले असायचे. मध्येच ते कप खाली ठेवून उठत, नेमक्या तिसऱ्या मागापाशी जात आणि तो बंद करीत. पाहावे तो धागा तुटलेला!

"मामा, तुम्हाला न बघता कसं कळलं?" मी एकदा विचारले.

"डोळे दोन आणि माग चार," मामा म्हणाले. "मग कान कशाला दिलेत देवानं? धोट्याचा ठोका जरा बदलला की कळतंय बघ."

हे वाक्य मी पुढे विसरून गेलो. पदार्थविज्ञान शिकलो, शिकवू लागलो, फळ्यावर तरंगांची समीकरणे मांडू लागलो. मामांच्या वाक्यातच ध्वनिशास्त्राचा एक मोठा धडा होता, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

दुखणे

काही वर्षांपूर्वी मामांचा उजवा हात कापू लागला. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की बोटे आपोआप हलत, जणू काही ते चिमटीत गोळी वळताहेत. पुढे चाल मंदावली, अंग ताठरले, अक्षर बारीक होत गेले. ज्या बोटांनी तुटलेला धागा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सांधला जाई, त्या बोटांना सदऱ्याचे बटण लावता येईना. निदान झाले कंपवाताचे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे पहिले सुसंगत वर्णन लिहिले, म्हणून जगभर तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आपल्या मेंदूच्या तळाशी, मध्यभागी, काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, थांबवणे, तिला योग्य तेवढा जोर देणे, या कामी हे द्रव्य लागते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. लेव्होडोपा हे औषध घेतल्यावर मेंदूत त्याचे डोपामिन बनते आणि रुग्णाला आराम पडतो. पण वर्षे लोटतात तसा औषधाचा अंमल कमी वेळ टिकू लागतो. मामांचेही तसेच झाले. गोळी घेतल्यावर दोन तास बरे, मग पुन्हा लाकूड! शेवटी बंगळूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली.

मामी घाबरल्या. त्यांना जे कळले होते ते असे : डोक्याला भोक पाडणार, आत तार घालणार, आणि हे सगळे मामा जागे असताना! त्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावताना सांगितले, "आम्ही पेशींचा आवाज ऐकत ऐकत आत जातो." मामी माझ्याकडे वळल्या. "तू कालेजात शिकवतोस न्हवं? मेंदूला आवाज असतोय काय रे?"

मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मी वाचायला बसलो. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

वैद्यांचे कान

वैद्यकाने कानाचा उपयोग करून घेतला त्याला फार काळ झाला. ऑस्ट्रियातील ऑएनब्रुगर हे एका खानावळ चालवणाऱ्याचे चिरंजीव. पिंपावर टिचकी मारून आत किती माल उरला आहे हे ओळखण्याची युक्ती त्यांच्या परिचयाची होती. हीच युक्ती त्यांनी रुग्णाच्या छातीवर वापरली आणि १७६१ साली त्याविषयी पुस्तक लिहिले. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानावर ठेवले. तोच पहिला स्टेथोस्कोप होय.

पण हृदय आणि फुप्फुस हे मुळात आवाज करणारे अवयव आहेत. झडपा मिटतात, हवा आत-बाहेर जाते. मेंदू मात्र मुका आहे. त्यात काही हलत नाही, आपटत नाही. तिथे चालते ते विजेचे काम, आणि विजेला कान लावायचा तर मध्ये दुभाषी हवा. टेलिफोनचा शोध लागल्यावर तो दुभाषी मिळाला. रशियातील वेदेन्स्की यांनी १८८३ साली टेलिफोनच्या साहाय्याने चेतातंतूंमधील विद्युत्प्रवाह ऐकला.

त्यानंतर विवर्धक आले आणि काम सोपे झाले. केंब्रिजचे एड्गर एड्रियन हे या क्षेत्रातले फार मोठे नाव. १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना शेरिंग्टन यांच्यासमवेत मिळाले. त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. भेकाच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूवर त्यांनी तारा जोडल्या होत्या आणि विवर्धकाला ध्वनिक्षेपक लावला होता. खोली जवळजवळ अंधारी होती. ध्वनिक्षेपकातून मध्येच खरखर ऐकू येई, मध्येच थांबे. काही वेळाने त्यांच्या लक्षात आले की आपण खोलीत हललो की खरखर होते. भेक त्यांना पाहत होता, आणि ते पाहणे त्यांना ऐकू येत होते!

अमेरिकेत १९५८ साली ह्यूबेल आणि वीझेल हे मांजराच्या मेंदूतील पेशी कशाला प्रतिसाद देतात हे शोधत होते. पडद्यावर ठिपके दाखवून तासन्‌तास गेले, पेशी काही बोलेना. अशातच काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून सरकली आणि ध्वनिक्षेपकातून एकदम तडतड सुरू झाली. पेशीला ठिपका नको होता, सरकणारी रेघ हवी होती. या कामाने दृष्टीविषयीची आपली समजूत पालटली आणि १९८१ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ध्वनिक्षेपक चालू नसता तर त्या क्षणी दोघांपैकी कोणाचेही डोळे योग्य जागी असते की नाही, कोण जाणे!

ऐकू येते ते का?

आता थोडे गणित. घाबरू नका, बारावीपुरतेच आहे.

चेतापेशी जेव्हा संदेश पाठवते तेव्हा तिच्या विद्युत्-दाबात एक झटका येतो. हा झटका साधारण एक सहस्रांश सेकंद टिकतो. ज्या घटनेला एक सहस्रांश सेकंद लागतो तिची वारंवारता सेकंदाला हजार आवर्तनांच्या आसपास येते. आपला कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढ्या टापूत ऐकतो आणि हजाराच्या पुढेमागे तो चांगलाच तिखट असतो. म्हणजे पेशीचा झटका निसर्गतःच आपल्या कानाच्या टापूत पडतो! तो फक्त मोठा करायचा आणि ध्वनिक्षेपकाला द्यायचा. एका झटक्याची एक 'टिक्' ऐकू येते, अनेक झटक्यांची तडतड.

मोठा किती करायचा? पेशीजवळ नेलेल्या बारीक तारेला काही दहा ते काही शे मायक्रोव्होल्ट एवढा दाब मिळतो. ५० मायक्रोव्होल्ट म्हणजे तुमच्या बॅटरीतल्या दीड व्होल्टच्या सेलचा तीस हजारावा भाग. तो दहा हजार पटींनी वाढवला की अर्धा व्होल्ट होतो आणि मग ध्वनिक्षेपकाच्या यंत्रणेला पुरेसा पडतो.

पण डोक्याच्या कातडीवर तारा चिकटवून जो आलेख काढतात, ज्याला आपण ई.ई.जी. म्हणतो, त्याची गोष्ट वेगळी. जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा असा आलेख १९२४ साली प्रथम घेतला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. तिथे एका पेशीचा झटका दिसत नाही. लाखो पेशींच्या एकत्र हेलकाव्यांचे तरंग दिसतात. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाचे तरंग सेकंदाला ८ ते १३, आणि गाढ झोपेत चारापेक्षाही कमी. कानाची खालची मर्यादा वीस. तेव्हा हे तरंग कितीही मोठे केले तरी ऐकू येणार नाहीत. ते ऐकायचे असतील तर निराळी युक्ती लागते. तिच्याकडे पुढे येऊच.

शस्त्रक्रियेच्या खोलीत

शस्त्रक्रियेच्या दिवशी मामांची सकाळची गोळी बंद ठेवली होती. कंप दिसला पाहिजे, तरच तो थांबला की नाही हे कळणार. डोक्याला धातूची चौकट घट्ट बसवली. कातडी बधिर केली. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, म्हणून माणूस जागा ठेवता येतो. एम.आर.आय. आणि सी.टी. या चित्रांवरून कोठून किती खोल जायचे याचे माप आधीच काढलेले होते.

गाठायचे असते ते थॅलॅमसच्या खालचे एक केंद्र. आकार मसुरीसारखा, दोन्ही बाजूंनी फुगीर, जाडी जेमतेम सहा मिलिमीटर. असे केंद्र मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक असते. कंपवातात डोपामिन कमी पडले की या केंद्रातील पेशी बेताल आणि जास्त तडतडू लागतात. तिथे बारीक तार ठेवून सेकंदाला सुमारे १३० असे विजेचे लहान लहान स्पंद दिले की त्या बिघडलेल्या लयीला आळा बसतो. फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली थॅलॅमसमध्ये असे स्पंद देऊन कंप थांबवल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९९३ साली त्यांनी हे मसुरीएवढे केंद्र निवडले.

चित्रांवरून माप काढले तरी एखाद्या मिलिमीटरचा फरक पडू शकतो. मेंदू हा काही दगड नव्हे, कवटी उघडल्यावर तो किंचित सरकतोही. आणि या जागी एका मिलिमीटरला फार मोल आहे. तार जरा बाजूला पडली तर कंप थांबण्याऐवजी जीभ जड होते, नाहीतर डोळा एकीकडे ओढला जातो. म्हणून अनेक ठिकाणी कायमची तार बसवण्याआधी केसाहून बारीक टोकाची तार पुढे पाठवतात आणि तिचा आवाज ऐकतात. पॅरिसमध्ये गियो आणि आल्ब-फेसार यांनी १९६० नंतरच्या दशकात ही वाट घालून दिली होती.

त्या डॉक्टरीणबाईंनी पुढे मला मामांच्या शस्त्रक्रियेतले ध्वनिमुद्रण संगणकावर ऐकवले. मी डोळे मिटून ऐकले. आधी तुरळक टिकटिक, एखाद्या झोपलेल्या वाड्यात पालीने चुकचुकावे तशी. मग काही मिलिमीटर जवळजवळ शांतता. तार तेव्हा चेतातंतूंच्या जुड्यांतून चालली होती आणि तिथे पेशी थोड्या. आणि मग एकाएकी सगळे भरून आले. मागचा घोष वाढला, त्यावर अनियमित, दाटीवाटीची तडतड. बाई म्हणाल्या, "आलो आपण. हेच ते केंद्र." एका ठिकाणी तडतड थबकत थबकत येत होती, सेकंदाला चार-पाच झटके. मामांचा हातही त्याच चालीने कापत होता. एका डॉक्टरांनी मामांचे मनगट धरून हलवले की एका पेशीची तडतड वाढे, सोडले की उतरे. याचा अर्थ तार केंद्रातल्या हालचालीशी संबंधित भागात होती. आणखी खाली पुन्हा थोडी शांतता, आणि त्याखाली वेगळाच आवाज : जलद पण एकसारखा, चरख्यासारखा. ती होती त्या काळसर पट्ट्याची वेस. म्हणजे केंद्र ओलांडून झाले, आता मागे फिरायचे.

घोष सुरू झाला तिथे वरची सीमा, थांबला तिथे खालची. अंधाऱ्या बोळातून भिंत चाचपत जावे तसे हे शल्यविशारद आवाज चाचपत जातात.

आता मामांची हकीकत ऐका. ती त्यांच्याच शब्दांत सांगितलेली बरी.

"भ्या तर वाटलंच की रे. पण मग तो आवाज आला. आपल्या मागाच्या खोलीवर वळवाचा पाऊस पडला की पत्रे वाजतात बघ, त्यागत. मी विचारलो, 'हे काय वाजालंय?' तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'अज्जा, हे तुम्हीच!' मग मी गप ऐकत बसलो. आपलं आपल्याला ऐकायला कुठं मिळतंय?"

त्यानंतर कायमची तार घालून स्पंद देऊन पाहिले. तेव्हा मामांना सारखे बोलते ठेवले होते. बंगळूरचे डॉक्टर, म्हणून मामा कानडीत आकडे मोजू लागले : ओंदु, एरडु, मूरु... एका जागी स्पंदाचा जोर वाढवला तशी जीभ अडखळली. डॉक्टरांनी जोर उतरवला, जागा किंचित बदलली. पुन्हा ओंदु, एरडु, मूरु. या वेळी आकडे स्वच्छ आले आणि हात थांबला. मामा म्हणाले, "हात असा थांबला की मलाच खरं वाटंना. दुसऱ्या कुणाचा तर हात आणून ठेवलाय काय म्हटलो."

म्हणजे पाहा, त्या खोलीत दोन आवाज कामाला आले. एक पेशींचा, एक मामांचा. डॉक्टरांचे कान दोन्हींकडे लागलेले होते.

डोळा की कान?

तुम्ही विचाराल, पडद्यावर रेषाही दिसत होत्या, मग ऐकायचे कशाला? प्रश्न रास्त आहे.

पहिले कारण मामांनीच दिलेले आहे : डोळे दोन आणि माग चार. शल्यविशारदाचे डोळे तारेवर, रुग्णाच्या हातावर, तोंडावर. कानाला मात्र वळावे लागत नाही. कानाला पापणी नाही, तो चारी दिशांनी उघडा असतो. भूल देणारे डॉक्टर हे रोज अनुभवतात. रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याला 'टिंग' करते आणि प्राणवायू उतरू लागला की त्याचा सूरही उतरतो. डॉक्टर पाठमोरे असले तरी सूर उतरताच वळून पाहतात.

दुसरे कारण काळाचे. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवली की डोळ्याला ती सलग वाटतात. कान मात्र दोन आवाजांमधली दोन-तीन सहस्रांश सेकंदांची फटही ओळखू शकतो. लय बिघडली, ठोका चुकला, हे कानाला आधी कळते. आपल्याकडे साधा श्रोतासुद्धा तबलजीची मात्रा चुकली की मान वर करतो; त्याने कुठे तालशास्त्राचा अभ्यास केलेला असतो?

मुकी फेफरी

आता ई.ई.जी.कडे वळू. फेफरे म्हटले की हातपाय झाडणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण फेफरे मुकेही असते. अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या रुग्णाच्या मेंदूत विजेचे वादळ चाललेले असते आणि शरीर हलतही नाही. ते लवकर ओळखून थांबवले नाही तर मेंदूची हानी होऊ शकते. ओळखायचे तर ई.ई.जी. हवा, आणि वाचायला जाणकार हवा. तो मध्यरात्री प्रत्येक रुग्णालयात कोठून असणार?

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेंदूतज्ज्ञ जोसेफ पार्विझी यांनी एका मैफलीत अवकाशातील संकेतांवरून रचलेले संगीत ऐकले आणि त्यांच्या मनात आले की मेंदूच्या संकेतांचेही असे का करू नये? त्यांनी त्याच विद्यापीठातील संगीताचे प्राध्यापक क्रिस चेफ यांना गाठले. वर सांगितलेली अडचण त्यांच्यापुढेही होती : तरंग कानाच्या टापूखाली.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. पहिली, ध्वनिफीत वेगाने फिरवतो तसे करणे. तरंग साठपट वेगाने वाजवले तर १० हर्ट्झचे ६०० हर्ट्झ होतात आणि स्पष्ट ऐकू येतात. तासाभराची नोंद मिनिटात ऐकून होते. तपासून पाहायला ही वाट उत्तम. पण चालू घडीला काय चालले आहे ते यातून कळत नाही, कारण साठ मिनिटे साठल्याशिवाय एक मिनिट वाजवता येत नाही. दुसरी वाट अशी की ऐकू येणारा एक सूर आधीच धरून ठेवायचा आणि मेंदूच्या तरंगांनी त्या सुराला वर-खाली करायचे. गवई सूर लावून धरतो आणि भात्यातला दम कमी-जास्त झाला की सूर कापतो, तसे. यात काळ तोच राहतो, म्हणून रुग्णाच्या उशाशी बसून त्या क्षणीच ऐकता येते. चेफ यांनी माणसाच्या गळ्यासारखा आवाज निवडला. मेंदू ठीक असला की तो आवाज गुणगुणत राहतो. फेफरे सुरू झाले की तोच कापू लागतो, विव्हळू लागतो.

या कामाची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ई.ई.जी. वाचण्याचे शिक्षण न घेतलेले वैद्यकाचे विद्यार्थी आणि परिचारिका यांना पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे ऐकवले. फेफऱ्याचे तुकडे त्यांनी ९५ टक्के किंवा त्याहून अधिक वेळा ओळखले. तसेच विद्यार्थी रेषा डोळ्यांनी पाहून मात्र सुमारे तीनचतुर्थांश वेळाच ओळखू शकले. तज्ज्ञाला कैक वर्षे शिकून रेषेत जे दिसते ते नवख्याला थोड्या वेळात आवाजात सापडले. रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेच्या हाती हे साधन असणे म्हणजे काय, हे ज्यांचे माणूस अतिदक्षता विभागात पडले आहे त्यांना सांगायला नको.

कानाच्या मर्यादा

पण शास्त्राचा लेख लिहायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आवाज हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. रुग्णाने दात खाल्ले, तार सैल झाली, कुणी खाटेला धक्का दिला, की तेही आवाजात उतरते. आपल्या घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तर सगळीकडे घुसते. अशाने नसलेले फेफरेही ऐकू आल्यासारखे वाटू शकते, म्हणून शेवटचा निर्णय जाणकाराने पूर्ण आलेख पाहूनच करायचा असतो.

कंपवाताच्या शस्त्रक्रियेतही तसेच. बारीक तार आत घालताना रक्तस्रावाचा थोडा धोका असतोच आणि जितक्या वेळा तार घालावी तितका तो वाढतो. आता चित्रे इतकी स्पष्ट निघू लागली आहेत की काही ठिकाणी रुग्णाला पूर्ण भूल देऊन, चित्रांच्या भरवशावरच तार बसवतात. दुसरीकडे रुग्णाच्या मेंदूतील लय स्वतः मोजून त्याप्रमाणे स्पंद कमी-जास्त करणारी यंत्रेही वापरात आली आहेत. डॉक्टरांनी जे कानाने केले ते ही यंत्रे छातीच्या कातडीखाली बसून करतात. ऐकणे संपलेले नाही, ऐकणारा बदलतो आहे.

मामांचे म्हणाल तर ते पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. हा उपचार रोग घालवत नाही, लक्षणे आवरतो. त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला आहे, चालताना मामींचा हात लागतो. गोळ्या कमी झाल्या, बंद झालेल्या नाहीत. पण हात स्थिर आहे. माग आता त्यांचा मुलगा पाहतो.

गेल्या दिवाळीत मी वडगावला गेलो तेव्हा मामा दारातच चहा पीत बसले होते, मागांकडे पाठ करून. कप बशीवर वाजत नव्हता. आम्ही बोलत असताना ते मध्येच थांबले, मान किंचित वळवली आणि मुलाला हाक मारली, "अरे, दोन नंबरचा बघ जा." मुलगा गेला. मामाही मागोमाग हळूहळू गेले. धागा तुटला होता. मुलगा पुढे होणार तोच मामांनी त्याला बाजूला केले, दोन टोके चिमटीत धरली आणि गाठ मारली. पूर्वी पाते लवायच्या आत होई, आता वेळ लागला. पण गाठ बसली.

विद्यार्थिमित्रहो, तरंग, वारंवारता, विवर्धन हे शब्द तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता आणि परीक्षेनंतर विसरता. त्या शब्दांच्या जोरावर कुणीतरी माझ्या मामांचा हात त्यांना परत दिला. तुमच्यातला एखादा उद्या अशा यंत्रावर काम करील, एखादी त्या रात्रपाळीच्या खाटेशी बसेल. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात असू द्या. उपकरण किती नाजूक ऐकते याला महत्त्व आहेच. पण त्या पलीकडे जागा असलेला माणूस 'ओंदु, एरडु' म्हणत असतो, त्याचेही ऐकायचे असते.

मामींच्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकतो. होय मामी, मेंदूला आवाज असतो. पत्र्यावरच्या पावसासारखा.